बीकरकडे कोण बघतं

इलेक्ट्रोडवरचं टोपण निघालेलंच नव्हतं.

नळ तसाच वाहत राहिला. हेद्विका श्रोमोवा प्रयोगशाळेच्या मोरीपाशी ती काचेची कांडी हातात धरून उभी होती, आणि कांडीच्या टोकाला ते काळं रबरी टोपण, बोटाच्या पेराएवढं, घट्ट, निमूट बसलेलं होतं. आतल्या नाजूक काचेला कोरड पडू नये म्हणून ते घालतात, आणि आम्लता मोजण्याआधी काढतात. हे ती आयुष्यभर मुलांना सांगत आली होती. तिनं ते हळूच ओढलं. पुच् असा आवाज झाला आणि आतलं खारट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. म्हणजे आतलं पाणी आत होतं आणि बीकरमधलं बाहेर. म्हणजे ही कांडी सगळा तास आम्लात उभी होती ती डोळ्यांवर पट्टी बांधून. मग भिंतीवर जे चढलं ते काय होतं?

वर्ग आत्ताच गेला होता. जिन्यावरून त्यांचा गलका अजून ऐकू येत होता, आणि तिच्या कानांत त्यांच्या टाळ्या होत्या. तिसऱ्या वर्षाचा वर्ग. सतरा वर्षांची पोरं. पोटॅशियमचा तुकडा पाण्यात टाकून तिनं जांभळी ज्योत नाचवून दाखवली तेव्हा यांनी जांभया दिल्या होत्या. त्यांच्या जांभयांची तिला सवय झाली होती, जशी बायपास रस्त्याकडेला राहणाऱ्यांना ट्रकची होते. आणि आज ती मुलं उठून उभी राहिली होती. विद्यापीठाच्या शिक्षणशाखेनं आणून दिलेला तो संच, तो कॉम्प्युटर, पांढऱ्या भिंतीवरची पीएचची ती निळी रेघ. आधी जमिनीसरशी सरपटत, आळसावल्यासारखी, आणि मग अचानक कुत्रं मागे लागलेल्या मांजरासारखी सरळ उभी वर. एरवी शेवटच्या बाकावर झोपणारा क्रिश्तोफ हॉकीच्या सामन्यात ओरडावं तसा ओरडला होता, "चढ, चढ, चढ की रे बाबा!" आणि रेघ चढली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवा, एवढ्या वर्षांनी, असं हेद्विकाच्या मनात आलं होतं. आता ते आठवलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

ब्युरेटच्या तोटीवर अपोलेना होती. आम्लात अल्कलीचे थेंब सोडायला ती दरवेळी आपण होऊन पुढे यायची. सडपातळ, किंचित पोक काढून बसणारी, बोटांना कायम शाईचे डाग. या वर्गात रसायनाकडे बघणारं असं कुणी असेल तर ती. बघणारं म्हणजे खरोखर बघणारं. हनुवटी टेबलाला टेकवून, पाण्यात विरघळणाऱ्या स्फटिकाकडे श्वास रोखून. अंतिम परीक्षेला कुठला विषय घ्यायचा ते मुलांनी शुक्रवारी कळवायचं होतं, आणि अपोलेना रसायन घेणार हे हेद्विकानं मनात धरून ठेवलं होतं, थंडीत खिशातला गरम बटाटा धरून ठेवावा तसं. दोन वर्षांनी ती निवृत्त होणार होती. मागे एखादी तरी बघणारी ठेवून जावं, एवढीच तिची इच्छा होती. भिंतीवर रेघ चढत असताना हीच मुलगी म्हणाली होती, "प्रोफेसरबाई, पण हे अजून पाण्यासारखंच आहे. गुलाबी नाही झालं."

आणि आपण काय म्हणालो? आपण म्हणालो, "अगं, वर बघ, वर! यंत्राला तुझ्या डोळ्यांपेक्षा आधी कळतं."

वर्ग हसला होता. "अपोलेना, तू त्या बीकरशीच लग्न कर," क्रिश्तोफ म्हणाला होता, "मूल झालं तर गुलाबी होईल!" अपोलेनानं मान खाली घातली होती. तोटी मात्र तिनं बंद केली नव्हती.

हेद्विकानं हात पुसले आणि कॉम्प्युटर जागा केला. पडद्यावर दोन चौकोन शेजारी शेजारी होते, 'मोजा' आणि 'दाखवा'. एकाच रंगाचे, एकाच मापाचे, जुळ्या बहिणींसारखे. तिनं 'दाखवा' दाबलं होतं. कॉम्प्युटरनं आज्ञाधारकपणे आदल्या दिवशीची, शेजारच्या तुकडीची रेघ काढून दाखवली होती, ज्या संथ गतीनं काल ती उमटली होती त्याच गतीनं. बीकर आजचा, रेघ कालची. मधे एक मुलगी थेंब थेंब सोडत बसलेली, आणि त्या थेंबांचा कशाशीच संबंध नव्हता.

"बाई, काय तास झाला!" राडोवान हीब्ल दारातून आत आला. विद्यापीठाचा संशोधक. संगणकाच्या मदतीनं केलेल्या प्रयोगांनी मुलांची प्रेरणा किती वाढते, हा त्याच्या प्रबंधाचा विषय होता. कधीकाळी याच खोलीत तिसऱ्या बाकावर बसायचा आणि परीक्षानळ्या फोडायचा. भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा त्यानं छातीशी धरला होता. "नुसता वरवर चाळला. 'मला अजून प्रयोग करावेसे वाटतात', सगळ्यांनी पाचपैकी पाच! क्रिश्तोफनं तर सहावा चौकोन स्वतः काढून त्यावर खूण केलीय!"

"राडोवान, ती रेघ कालची होती."

"म्हणजे?"

तिनं टोपण त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते हातात घेऊन फिरवून पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडण्याऐवजी त्यावर एक प्रेमळ, समजूतदार हसू आलं. आजारी माणसाच्या खोलीत शिरताना लोक आणतात तसलं.

"अहो, होतं असं. मी स्वतः दोनदा केलंय."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? रेघ तर बरोबरच होती ना. तेच आम्ल, तोच अल्कली. आज मोजली असती तरी तशीच आली असती."

"पण आज मोजली नाही."

"बाई," तो खुर्ची ओढून बसला, आणि तिला एकदम जाणवलं की याचे केस विरळ झालेत, "आपण आम्ल कुठं मोजतोय? आपण प्रेरणा मोजतोय. आणि ती आली. टाळ्या खोट्या होत्या का? नव्हत्या. उद्या दुसरा तास, परवा दुसरी प्रश्नावली. एवढंच करा, मधे त्यांना काही सांगू नका. आकडे बिघडतात." मग जाता जाता, दारातून, लाडानं, "तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, निष्कर्ष निघेपर्यंत भांडं हलवू नये म्हणून!"

ट्रामच्या थांब्यावर ओला बर्फ पडत होता. चौकात लोक वाफाळत्या मद्याचे कप धरून उभे होते, कुणी तळलेला बटाट्याचा घावन कागदातून खात होतं, लसणीचा वास कोटांना चिकटत होता. नाताळ पंधरवड्यावर आला होता. टाळ्या खोट्या होत्या का? हेद्विकानं ओल्या हातमोज्यात ते रबरी टोपण घट्ट धरलं होतं. ते तिनं का उचलून आणलं होतं तिलाच कळत नव्हतं. टाळ्या खोट्या होत्या का? राडोवानचा हा प्रश्न तिला नवा नव्हता. तो तिनंच लहानपणी, स्वयंपाकघरात, बटाट्यांच्या सालींसमोर विचारला होता.

तिच्या गावात शाळेचा मास्तर आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा माणूस एकच असायचा. पिढ्यान् पिढ्या तसंच चालत आलं होतं. तिचे बाबाही तसेच, आठवडाभर पाढे आणि रविवारी भजनं, आणि दोन्हीकडे बोटांना सारखाच खडू. तिला रसायनाचं वेड लावलं तेही त्यांनीच. सेंट मार्टिनच्या सणाला भाजलेल्या हंसाबरोबर लाल कोबी शिजवला की आई उरलेलं जांभळं पाणी फेकू लागायची, तेव्हा बाबा तिचा हात धरायचे. एका पेल्यात लिंबू, एका पेल्यात खायचा सोडा. एक लाल, एक निळा. बाबा काही समजावून सांगायचे नाहीत. ते पेल्याकडे बघायचे, म्हणून तीही बघायची. पुढं वरून फर्मान आलं, की मास्तरांनी चर्चची पायरी चढू नये. शाळा ठेवा नाहीतर ऑर्गन. घरात तीन पोरं होती. बाबांनी शाळा ठेवली. पहिल्या रविवारी ते घरी राहिले, आईचा एप्रन बांधून बटाटे सोलत बसले, आणि समोरच्या चर्चमधून ऑर्गन वाजू लागला. तीच धून, तेच ठेहराव, तिसऱ्या ओळीला डावा हात किंचित उशिरा यायचा तेही. फादरनी कधीतरी कौतुकानं टेप करून ठेवलं होतं, तेच लावलं होतं. धडाधडा जिना चढत कम्युनिस्ट पक्षाचा माणूस वर आला. आता पकडलाच, अशा चेहऱ्यानं त्यानं दार ढकललं, आणि बाबांना एप्रनमध्ये बघून उभाच राहिला.

"कॉम्रेड मास्तर! तुम्ही इथं, मग तिकडे कोण वाजवतंय?"

"तिकडेही मीच," बाबा मान वर न करता म्हणाले, "गेल्या वर्षीचा."

आई घाबरून फडक्यात तोंड दाबून हसली होती, तो माणूसही शेवटी हसला होता आणि एक पेला बोरांची दारू पिऊन गेला होता. गावात वर्षानुवर्षं तो विनोद झाला. पण हेद्विकाला आठवत होतं ते नंतरचं. खिडकीतून सगळ्या गावाचं गाणं ऐकू येत होतं, बायका रडत होत्या म्हणे, आणि ती आनंदानं म्हणाली होती, "बाबा, किती छान गातायत!" बाबांनी सुरी खाली ठेवली. "गात नाहीयेत ग. पळतायत." त्यांनी हात एप्रनला पुसले. "प्रत्येक ओळीच्या शेवटी दम घ्यावा लागतो. म्हातारी माणसं असतात, थंडीतून चालत आलेली. मी वाजवताना ऑर्गनवरच्या आरशातून त्यांच्या खांद्यांकडे बघायचो. खांदे वर आले की मगच पुढची ओळ. हा टेपमधला कुणासाठी थांबत नाही." "पण त्या रडतायत ना? ते काय खोटं?" तिनं विचारलं होतं. त्याचं उत्तर गावानं दिलं. हळूहळू म्हाताऱ्या अर्ध्या ओळीवर सोडून देऊ लागल्या, मग त्यांच्या मागच्या, आणि एका नाताळला चर्च गच्च भरलेलं असूनही ऑर्गन एकटाच वाजत होता. सुंदर वाजत होता. सगळे डोळे पुसत ऐकत होते, आणि एकही तोंड हलत नव्हतं.

रात्रभर तिला नीटशी झोप लागली नाही. सकाळी उजाडण्याआधी ती सवयीनं रोराटीला गेली. नाताळाआधीच्या त्या गायलेल्या प्रार्थना, दिवे घालवून, प्रत्येकाच्या हातात एकेक मेणबत्ती. ती तिथं कधी काही मागायला जात नसे. शेजारच्याच्या आवाजात आपला आवाज मिसळला की आत काहीतरी सरळ उभं राहतं, एवढ्यासाठी जायची. म्हातारे फादर प्रवचनही अर्धं गाऊनच सांगायचे. बोलता बोलता शब्द आपसूक सुरावर चढायचे आणि लोक मान डोलवायचे. आज ते बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाबद्दल सांगत होते. तो उजेड नव्हता बाबांनो, तो उजेडाकडे दाखवणारं नुसतं बोट होता. लोक येऊन त्याच्या पाया पडू लागले तेव्हा त्यानं पाय मागे घेतले. मग ऑर्गन सुरू झाला, आणि ओळीच्या शेवटी तो थांबला. हेद्विकाला ऐकू आला तो सगळ्या चर्चनं एकदम घेतलेला श्वास. तिच्या हातातली मेणबत्ती हलली. आज सांगायचं, तिनं ठरवलं. राडोवानचे आकडे गेले खड्ड्यात. आणि सगळ्यांच्या आधी अपोलेनाला.

अपोलेना कपाटांच्या रांगेपाशी बूट काढून घरातल्या सपाता घालत होती. शाळेत सगळेच घालतात तशा. तिच्या जुन्या होत्या, टाचेला झिजलेल्या.

"अपोलेना, कालचं मला तुझ्याशी बोलायचंय. तू म्हणालीस ते बरोबर होतं. ती रेघ आपल्या बीकरची नव्हतीच."

"हो," अपोलेना म्हणाली. "टोपण होतं ना."

"तुला माहीत होतं?"

"माझ्या नाकासमोर होतं, प्रोफेसरबाई."

"मग बोलली का नाहीस?"

मुलीनं सपातीत टाच सरकवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि हेद्विकाला राग हवा होता. "एकदा बोलले की. तुम्ही म्हणालात वर बघ. मग मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंय. मागे ते विद्यापीठाचे साहेब बसले होते ना. तास नीट व्हावा म्हणून." तिनं दुसरी सपात पायात ओढली. "परत बोलले असते तर तुमची फजिती झाली असती. म्हणून गप्प बसले."

मुद्दाम. हेद्विकानं कपाटाच्या पत्र्याला हात टेकला. पत्रा बर्फासारखा गार होता. या मुलीनं आपल्याला लबाड ठरवलं, आणि वर दया केली. आपल्याला झाकून घेतलं, दारू प्यालेल्या बापाला पोरीनं शेजाऱ्यांपासून झाकावं तसं. "मुद्दाम नाही ग," ती म्हणाली. "चूक झाली. चुकीचा चौकोन दाबला मी."

"बरं," अपोलेना म्हणाली. तिनं ते मान्य केलं होतं, पण त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

"आणि नंतर? झालं का ते गुलाबी?"

पहिल्यांदाच मुलीच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "झालं. तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात तेव्हा. एकाच थेंबानं. आधी आलं आणि गेलं, धुरासारखं, आणि मग पुढच्या थेंबाला राहिलं." तिनं शाईची बोटं स्वेटरच्या बाहीत ओढून घेतली. "पण कुणाला दाखवणार होते?"

"शुक्रवारी... रसायन घेणार आहेस ना?"

"घेणार की. वैद्यकीयला लागतंच. आणि आता सोपं झालंय, काही बघावं लागत नाही." ती हे टोमणा म्हणून म्हणाली नव्हती. आज मधल्या सुट्टीत सूप आहे, असं सांगावं तशी म्हणाली, आणि दप्तर उचलून गेली.

हेद्विकानं वर्गात सगळं सांगितलं. टोपण टेबलावर ठेवून, उभ्यानं, एक शब्द न गिळता. काल तुम्ही पाहिलंत ते तुमचं नव्हतं. तुम्ही ज्याला टाळ्या वाजवल्यात ते दुसऱ्यांचं, आदल्या दिवशीचं होतं. चूक माझी, आणि जिनं खरं सांगितलं तिला मी गप्प केलं. कुणीतरी रागवेल, कुणीतरी फसवलं गेल्यासारखं बघेल, याची ती वाट बघत राहिली. बाहेर ट्राम घंटा वाजवत गेली.

"म्हणजे आम्ही रिप्ले बघितला!" क्रिश्तोफ म्हणाला, आणि वर्गात हशा पिकला. "काय हरकत आहे, प्रोफेसरबाई? मी हॉकी पण रिप्लेच बघतो. गोल तर झाला ना?"

"पण गोल तुमचा नव्हता," ती म्हणाली.

"मस्त होता पण! परत लावा ना तोच!"

"लावा, लावा," मागच्या बाकांवरून आवाज आले. कुणालाच वाईट वाटलं नव्हतं. तिनं उघडं करून पुढे ठेवलेलं सत्य त्यांनी बाजूला सारलं, जेवताना मध्येच आलेलं मीठ सारावं तसं, निर्मळपणानं. त्यांच्यात खोट नव्हती. खोट असती तर तिला बरं वाटलं असतं.

"परत करू," ती म्हणाली. "खरं करू. अपोलेना, तोटीवर ये."

तिनं सगळ्यांना दाखवून टोपण बाजूला केलं, कांडी धुतली, बीकरमध्ये बुडवली, फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकले. 'मोजा' दाबलं. पुन्हा एकदा बघितलं, 'मोजा'च. भिंतीवर निळा ठिपका उमटला आणि थरथरत पुढे सरकू लागला. ही रेघ कालच्यासारखी नव्हती. अपोलेनाचा हात थांबला की ती थांबायची, दोन थेंब एकदम पडले की उडी मारायची, कुठं काचेला बुडबुडा लागला तर उगाच खाली यायची. म्हातारीच्या गाण्यासारखी होती, धापा टाकत, अडखळत. आणि हेद्विकाला वाटलं, हीच, हीच ती, हिच्या प्रत्येक धापेमागे एक थेंब आहे. तिनं उत्साहानं वर्गाकडे बघितलं.

"कालची जास्त भारी होती," पहिल्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं. क्रिश्तोफनं हातांवर डोकं टेकलं होतं.

नाही तर नाही. एकीला तरी दाखवायचं होतं. हेद्विका वाकली. हनुवटी जवळजवळ टेबलाला लागली, गुडघा दुखला. बीकरमध्ये पाणी गोल फिरत होतं. थेंब पडला. जिथं पडला तिथं एक गुलाबी धागा उमटला आणि विरला. पुढचा थेंब. धागा किंचित जास्त वेळ राहिला. लाल कोबीचं पाणी, बाबांचे खडूचे हात, स्वयंपाकघरातला दिवा. एवढ्या वर्षांत तिनं हे कितीतरी वेळा पाहिलं होतं आणि दरवेळी तिचा श्वास इथंच अडायचा. पुढचा थेंब पडला, आणि सगळा बीकर एकाएकी, आतून उजेड लावल्यासारखा, फिकट गुलाबी झाला. आणि तसाच राहिला.

"अपोलेना," ती कुजबुजली, "बघितलंस?"

"हो, प्रोफेसरबाई. आठ पॉइंट चार."

हेद्विकानं मान वर केली. मुलीचा हात तोटीवर होता, पाठ ताठ होती, आणि डोळे भिंतीवर होते, काल सांगितलं होतं तिथंच. एखाद्या शहाण्या मुलीसारखी ती आकडा वाचत होती. "आठ पॉइंट नऊ," ती म्हणाली, "नऊ पॉइंट सहा," आणि तोटी उघडीच होती, थेंब पडतच राहिले, आणि बीकरमधला तो फिकट रंग गडद झाला, आणखी गडद झाला, बीटाच्या रसासारखा भडक झाला, आणि रेघ सरळ वर चढली, आणि मागच्या बाकावरून क्रिश्तोफनं डोकं उचलून टाळी वाजवली.